आयपी हातात आला म्हणजे चोर सापडला? या चुका टाळा

इंदुरात रामबाग, लोकमान्यनगर भागात सायबर फसवणुकीचा विषय निघाला की कुणीतरी काका हमखास म्हणतात, "आयपी मिळालाय, भोपाळचा आहे. आता पोलिसांनी धरावं की!" आयपी म्हणजे इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता. नेटवर त्यापुढे दिसणारं शहर अंदाजी असतं. घरबसल्या स्वतःचाच आयपी तपासा. मुंबई दिसली तरी नवल नाही.

मोबाइल इंटरनेटची गोम वेगळीच. आयपीव्ही4, म्हणजे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते अपुरे, त्यामुळे एकाच सार्वजनिक पत्त्याआड कंपनी एका वेळी कितीतरी ग्राहक बसवते. त्यातला नेमका कोण, हे पोर्ट नंबर (त्या पत्त्याआडची जोडणी ओळखायचा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ जुळवूनच कळतं. नुसता आयपी देणं म्हणजे राजवाड्याच्या गर्दीत 'निळ्या शर्टवाला शोधा' म्हणण्यासारखं.

वेळेत तर भलेभले फसतात. सर्व्हरच्या नोंदी बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. नोंदीत 14 तारखेचे 18:40 असतील, तर इथे 15 तारीख उजाडून रात्रीचे 12:10 झालेले असतात. हा फरक धरला नाही, तर कंपनीकडून भलत्याच ग्राहकाचं नाव येतं आणि पोलीस भलत्याच दारात उभे राहतात. म्हणून वेळेसोबत 'यूटीसी' की 'आयएसटी' (भारतीय वेळ) ते लिहाच.

धमकीच्या ईमेलचा नुसता स्क्रीनशॉट काढून मूळ मेल उडवू नका. माग हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबतच्या तांत्रिक नोंदीत असतो. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं की तो दिसतो. मेल कोणकोणत्या सर्व्हरमधून आला ते सांगणाऱ्या 'रिसीव्ड'च्या ओळी खालून वर वाचायच्या. मात्र तळाच्या ओळी बनावट घालता येतात, तेव्हा डोळे मिटून विश्वास नको. शिवाय जीमेलवरून पाठवलेल्या मेलमध्ये सहसा गूगलच्या सर्व्हरचाच आयपी मिळतो. तो पाहून 'चोर अमेरिकेत' असं ठरवणारेही आहेत!

चोराला उलट लिंक पाठवून पकडायचा उद्योग तर नकोच. तो सावध होतो, खाती बंद करतो, आणि त्याच्या यंत्रात शिरलात तर गुन्हा तुमच्यावरच. फोनही घाईने फॉरमॅट करू नका, पुरावा पुसला जातो.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्यांनी नोंदी 180 दिवस जपायच्या असतात. त्यामुळे 'बघू सावकाश' महागात पडतं. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन.

चोराने व्हीपीएन (खरा आयपी लपवणारी सेवा) वापरला असेल तर आयपीचा माग तिथेच अडखळू शकतो. मग पैसे कोणत्या खात्यात गेले तिकडून तपास सरकतो. त्यासाठी यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक तक्रारीत हवाच.