सातारा हिल हाफ मॅरेथॉन: चढ निघतो हो, उताराचं बघा

सातारची हिल हाफ मॅरेथॉन पळायचं ठरवलंत की जो तो एकच सांगतो, चढाची प्रॅक्टिस करा, जिने चढा. करा की. पण गावातून निघून यवतेश्वर घाट चढायचा, कास रोडला यू-टर्न मारायचा आणि त्याच रस्त्याने परत यायचं असा हा 21.1 किलोमीटरचा रूट आहे, म्हणजे जेवढं चढलात तेवढं उतरायचंही आहे, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

10 किलोमीटर आरामात पळत असाल तर तीन-साडेतीन महिने तयारी पुरते. आठवड्यातून चार दिवस पळा, रविवारी लाँग रन. रेसच्या दिवशी नवीन बूट नकोत, पावसात टीशर्ट घासतं तिथे व्हॅसलिन लावा.

चढ: बोलता येईल इतपतच पेस ठेवा, दम लागला तर सरळ चाला, लाज कसली. वळणावर आतून शॉर्टकट मारू नका, तिथे चढ जास्त खडा असतो.

आता उतार, मला सगळ्यात जड गेलेला भाग. यू-टर्न झाला की बरं वाटतं, गार वारा, धुकं, समोर मोकळा रस्ता, आणि लोक सुसाट सुटतात. घाट संपेपर्यंत मांड्या दगड होतात आणि गावातला शेवटचा टप्पा लंगडत काढावा लागतो. दम शाबूत असतो पण पाय ऐकत नाहीत. कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो आणि त्याला बारीक बारीक इजा होते, दुखणं खरं वर येतं ते एक-दोन दिवसांनी.

"उतारावर मागे रेला, टाच रोवा" हा सल्ला तर कृपया कुणाला देऊ नका. मागे रेललात की पाऊल शरीराच्या पुढे पडतं, दर पावलाला ब्रेक लागतो आणि सगळा दणका गुडघ्यावर. उलट घोट्यातून किंचित पुढे झुका, पावलं छोटी आणि भराभर टाका, गुडघा थोडा वाकलेला, हात जरा बाजूला. नजर पायाशी नको, आठ-दहा पावलं पुढे. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे आणि कडेचं शेवाळ दोन्ही घसरतात. पहिला एक किलोमीटर मुद्दाम हात राखून पळा, मागचे पुढे जाऊ देत, त्यातले बरेचसे खाली भेटतात.

आणि हे आधी सरावात यायला हवं. पुणेकरांना बोपदेव घाट आहे, ठाणेकरांना येऊर. वर रिक्षाने गेलात तरी चालेल, उतरा मात्र पळत! पहिल्या वेळी मांड्या बोंबलतील, पण तोच उतार पुढच्या खेपेला बराच कमी दुखवतो, हा फायदा काही आठवडे टिकतो. शेवटचा मोठा उतार रेसच्या दोन-तीन आठवडे आधी संपवा, शेवटच्या आठवड्यात अजिबात नको. नखं दोन दिवस आधी कापा आणि लेस घोट्याशी घट्ट बांधा, नाहीतर पाऊल पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं.

कासची फुलं वाटेत दिसतील या आशेवर असाल तर पठार अजून बरंच पुढे आहे, रूट तिथपर्यंत जात नाही. ते बघायचंच असेल तर आदल्या दिवशी नको, उगाच पाय दमतात. रेसनंतर जा, आणि हॉटेलची रूम तळमजल्यावरचीच मागा.