जोडरस्त्यावर हरकत घेताय? मग फाईलमध्ये टिकेल अशी घ्या

‘आमचा विकासाला विरोध नाही, पण…’ अशी सुरुवात असलेली हरकत लिहायला बसला असाल तर तो कागद आधी बाजूला ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणारा तयार मसुदाही नको. एकाच मजकुराची पाचशे पत्रं गेली तरी सुनावणीत ती एकच हरकत म्हणून एका ओळीत निकालात निघतात.

नोटीस. ती कोणत्या कलमाखाली निघाली आहे ते आधी बघा. रस्ता विकास आराखड्यात नव्यानं दाखवायचा असेल किंवा त्याची आखणी बदलायची असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ३७ लागतं आणि हरकतींना एक महिना मिळतो. आराखडाच नवा असेल तर कलम २६. रस्ता मंजूर आराखड्यात आधीपासूनच असेल तर ही खिडकी बंद झालेली असते. मग ‘रस्ता रद्द करा’ म्हणण्यात वेळ दवडू नका. रचना, नाले, झाडं आणि चौक यांवर बोला.

नकाशा. नगररचना विभागातून भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या भागाचा नकाशा) घ्या. शक्य असेल तर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जाऊन फाईलच बघा. २०१८ च्या शासन निर्णयानं तशी सोय केली आहे. माहिती अधिकाराचा अर्जही टाका (दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत), पण उत्तराची वाट बघत बसू नका. उत्तराला तीस दिवस लागतात आणि तोवर हरकतीची मुदत उलटते. ‘कागदपत्रं मिळाल्यावर पुरवणी म्हणणं सादर करीन’ हे वाक्य हरकतीतच घाला.

आता खरी मेख: हरकत लिहिणं. मला ते जमायला फार वेळ लागला, कारण शिकवणारे सगळे भाषणं करणारे होते.

प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी हव्यात: जागा, परिणाम, पुरावा, मागणी. ‘पर्यावरणाची हानी होईल’ यात यांपैकी एकही नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘सर्व्हे क्रमांक अमुकच्या पूर्व हद्दीला ओढा आहे. नकाशात त्यावर भराव दिसतो, मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) दिसत नाही. पावसाळ्यातले फोटो जोडले आहेत. मोरीचा आकार आणि त्यामागचं गणित जाहीर केल्याशिवाय आखणी मंजूर करू नये.’ याला ‘नोंद घेतली’ एवढं उत्तर पुरत नाही.

मागणी विसरू नकाच. बहुतेकांची हरकत तक्रारीवरच संपते आणि मागणी नसली की अधिकाऱ्याला अमान्य करायलाही काही उरत नाही. ‘रद्द करा’ ही मागणी जरूर करा, पण तिच्याखाली ‘ते शक्य नसल्यास’ म्हणून दुसरी लिहा. यात माघार वगैरे काही नाही; वकीलही असंच लिहितात.

आणि रस्त्याच्या मधल्या भागावरच सगळी शाई संपवू नका. पुण्यातला बालभारती-पौड फाटा हा नियोजित जोडरस्ता घ्या. वाद रंगतो तो वेताळ टेकडीचा उतार, पाणी आणि झाडं यांवर, आणि तो रंगायलाच हवा. पण लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी कमी होईल हे ज्या रस्त्याचं समर्थन आहे, त्यावरची वाहतूक पौड फाट्याला उतरते, जिथे कर्वे रस्ता आणि पौड रस्ता आधीच एकमेकांना भिडतात. जोडरस्ता कोंडी संपवतो की नुसती पुढच्या चौकात नेऊन ठेवतो, हे टोकांवरच कळतं. म्हणून दोन्ही टोकांच्या चौकांची वाहनमोजणी मागा: कोणत्या महिन्यातली, किती तासांची, शाळा सुरू असतानाची की सुट्टीतली. मे महिन्यातली मोजणी मी तरी मान्य करणार नाही.

रस्ता घराला लागून जात असेल तर आवाजाचा मुद्दा आकड्यांत मांडा: निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मोबाइलच्या ॲपवरचं मोजमाप पुरावा म्हणून लावू नका, त्याची टर उडते.

झाडं. त्यांची नोटीस वेगळी निघते, झाडावरही चिकटवतात आणि मुदत जेमतेम सात दिवसांची असते. पन्नास वर्षांवरचं झाड २०२१ च्या दुरुस्तीनुसार पुरातन वृक्षात मोडतं, म्हणून वयाचा अंदाज यावा यासाठी खोडाचा घेर मोजून फोटोसह द्या.

दाखल करताना दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का ठळक उठला नसेल तर तिथेच दुसरा मारून घ्या.

सुनावणी. दोन-चार मिनिटं मिळतात. त्यात पत्र वाचून दाखवू नका, नकाशा टेबलावर पसरा आणि मोरी जिथे हवी होती तिथे बोट ठेवा. गल्लीतल्या पाच जणांनी आधीच मुद्दे वाटून घ्या, नाहीतर पाचही जण झाडांवरच बोलतात. निघण्यापूर्वी आपलं म्हणणं इतिवृत्तात कसं लिहिलंय ते वाचा आणि चूक असेल तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती देऊन तिचीही पोच घ्या.