बर्फाळ हिवाळ्यासाठी सायकल कशी तयार करावी

शिकायला किंवा नोकरीला म्युनिकला आलेली आपली मंडळी उन्हाळ्यात हौसेने सेकंडहँड सायकल घेतात आणि नोव्हेंबर लागला की ती तळघरात ढकलतात. थंडी हे त्याचं खरं कारण नसतं. फिनलंडमधल्या ओउलु शहराची थंडी म्युनिकपेक्षा कितीतरी कडक, तरी तिथे भर हिवाळ्यात लोक सायकलने कामावर जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही २०१३ साली तिथेच भरली. म्युनिकमध्ये त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा: दुपारी बर्फ वितळतो, रात्री तेच पाणी गोठतं आणि सकाळी रस्त्यावर काचेसारखा न दिसणारा थर पसरलेला असतो. तयारी करायची ती मुख्यतः या थरासाठी.

पैसे बेताचे असतील तर आधी पुढचा टायर घ्या, मग दिवे, मग मडगार्ड. महागडे कपडे सगळ्यात शेवटी.

१. टायर

बर्फावरचे सायकलचे टायर म्हणजे स्टडचे टायर. रबरात टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेले बारीक खिळे बसवलेले असतात आणि ते गोठलेल्या थरात रुततात. जर्मनीत मोटारींना अशा टायरवर जवळपास पूर्ण बंदी आहे, सायकलला मात्र चालतात.

दोन्ही चाकांना घेता आले तर उत्तमच. एकच परवडत असेल तर तो पुढच्या चाकाला घाला. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं की कळायच्या आत माणूस जमिनीवर असतो.

विकत घेण्याआधी सध्याच्या टायरच्या कडेवरचा आकडा वाचा, उदाहरणार्थ ३७-६२२. दुसरा आकडा, म्हणजे टायर रीमवर बसतो तिथला व्यास, तंतोतंत जुळायला हवा. पहिला, म्हणजे रुंदी, थोडा वाढला तरी चालतो. पण फ्रेम आणि मडगार्डमध्ये स्टडसकट जागा उरते का ते बघा. टायर चढवताना कडेवरचा बाण फिरण्याच्या दिशेला ठेवा. हे टायर कडक असतात, म्हणून हे काम थंडी पडण्याआधी घरात बसून करावं. सुरुवातीचे ४० किलोमीटर साध्या डांबरावर सावकाश चालवा, करकचून ब्रेक मारू नका. तेवढ्यात खिळे रबरात पक्के बसतात.

हवेकडेही लक्ष हवं. घरात २० अंशांत ४ बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि सायकल उणे १० मध्ये नेली, तर टायरमध्ये साडेतीन बारच्या आसपासच उरते. बर्फावर हवा थोडी कमीच बरी, कारण कडेचे स्टडही जमिनीला टेकतात. फक्त टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. रस्ता कोरडा असेल त्या आठवड्यात पुन्हा वाढवा.

२. दिवे

डिसेंबरात म्युनिकला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा अंधार. चाकाच्या हबमध्ये, म्हणजे आरे जोडलेल्या मधल्या भागात, डायनॅमो असलेली सायकल मिळाली तर सोडू नका, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. बॅटरीचाच दिवा असेल तर रोज घरात आणून चार्ज करा. घेताना दिव्यावर लहरी रेघ, ‘के’ अक्षर आणि क्रमांक आहे ना ते पाहा. ती जर्मनीतल्या मान्यतेची खूण. पुढचा झोत किंचित खाली वळवा, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत.

३. मडगार्ड आणि ब्रेक

मडगार्ड पूर्ण लांबीचं हवं, नाहीतर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी थेट पाठीवर आणि चेनवर येतं. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट ठेवा. फट कमी पडली की ओला बर्फ आत दाबला जातो आणि चाकच अडतं.

रीमवर लागणारे ब्रेक ओल्या रीमवर उशिरा पकडतात, शिवाय घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकलेली बारीक खडी ब्रेकच्या रबरात रुतून रीम खरवडते. रबर दर आठवड्याला तपासा, रुतलेले कण टाचणीने काढा. पायडल उलटं मारून लागणारा जुन्या पद्धतीचा ब्रेक हबच्या आत बंद असतो; हिवाळ्यात त्याच्याइतका बिनकटकटीचा ब्रेक नाही.

४. गोठणारे भाग

एखाद्या सकाळी पायडल गरगर फिरतं आणि सायकल जागची हलत नाही. फ्रीव्हीलमधले छोटे खटके पाण्याने किंवा घट्ट झालेल्या ग्रीसने चिकटलेले असतात. सायकल घरात आणून ठेवली की ते सुटतात. पण पाणी आत शिरलंच असेल तर दुकानात उघडून, साफ करून, थंडीत घट्ट न होणारं वंगण घालून घ्या. गियर आणि ब्रेकच्या तारांचंही असंच: जुन्या आवरणात पाणी साचून रात्री गोठतं. हिवाळ्याआधी तारा आवरणासकट बदलणं स्वस्तात पडतं.

गोठलेल्या भागावर गरम पाणी ओतू नका, ते पाणी पुन्हा गोठतं. कुलपात आधीच कुलपाचं तेल सोडा. सायकल शक्यतो थंड तळघरातच ठेवा. रोज ऊबेत आणून पुन्हा बाहेर नेली की आत दव धरतं. ई-बाईकची बॅटरी मात्र काढून घरात आणा आणि शून्याखालच्या तापमानात ती कधीही चार्ज करू नका.

५. रोजची दोन मिनिटं

मीठ सायकल खातं. घरी आलात की चेन फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि स्पंजने मीठ धुवा, फवाऱ्याचा जोर नको. त्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. चेन कोरडी झाल्यावर ओल्या हवेसाठीचं तेल प्रत्येक कडीवर एक-एक थेंब सोडा, पायडल फिरवून मुरवा आणि वरचं पुसून टाका. वर राहिलेलं तेल फक्त खडी धरतं.

६. चालवताना

सीट एक-दोन सेंटिमीटर खाली घ्या, म्हणजे पाय पटकन टेकतो. पूल आधी गोठतात. ट्रामचे रूळ काटकोनाच्या जवळपास ओलांडा. वळणाआधीच वेग कमी करा, वळताना ब्रेक नको. निघताना थोडी थंडी वाजेल एवढेच कपडे घाला. हात मात्र नीट झाका.

मार्चअखेर, रात्रीचा पारा शून्याच्या वर राहू लागला की स्टडचे टायर उतरवा. फिरण्याची दिशा आणि पुढचा-मागचा कुठला ते त्यांच्यावर खडूने लिहून अंधाऱ्या जागी ठेवा. हिवाळ्यात टाकलेली खडी अजून रस्त्याच्या कडेला पडलेली असते, तेव्हा उन्हाळी टायर चढवल्यावरही काही दिवस पंक्चरचं सामान जवळ असू द्या.