हॅमॉक बांधताना या चुका टाळा

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी, घेऊन पहिल्यांदाच मुक्कामाला निघालेले बहुतेक जण तो कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणून बांधतात, आणि मला सर्वांत जास्त चीड याच चुकीची येते. ताणला म्हणजे झोल पडणार नाही आणि पाठ सरळ राहील, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात हॅमॉक झाडाला बांधणारा पट्टा जितका आडवा, तितका त्यावरचा ताण जास्त. पट्ट्याचा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर झोपणाऱ्याच्या वजनाइतकाच ताण येतो. तोच कोन १० अंशांवर आला की ताण जवळजवळ तिप्पट होतो, म्हणजे ७० किलोच्या माणसासाठी एकेका पट्ट्यावर सुमारे २०० किलो.

एका मुक्कामात मी दोनदा सांगूनही माझ्या सोबत्याने पट्टे असे आवळले, की टिचकी मारली तर नाद यावा. तो त्यात धपकन बसला, एका टोकाची शिवण उसवली आणि तो पाठीवर आपटला, तोही नेमका झाडाच्या उघड्या मुळावर. पुढचे दोन दिवस त्याची सॅक आम्ही आळीपाळीने वाहिली. उसवलेले टोक मी नंतर निरखून पाहिले, तेव्हा कापड शाबूत होते, पण सुईचे प्रत्येक भोक ओढले जाऊन लांबट झाले होते.

कोन जोखायला मी स्वतः तर्जनी आडवी आणि अंगठा उभा धरतो. दोन्ही टोकांना जोडणारी तिरपी रेषा साधारण ३० अंशांची असते, पट्टा तिच्याशी जुळवायचा. मग आधी हातांनी भार देऊन पाहावे आणि हळूच बसावे. बसल्यावर बूड जमिनीपासून ४५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावे. पाठ सरळ हवी असेल, तर झोल तसाच ठेवून कापडावर तिरपे झोपावे.

दुसरी चूक थंडीची. अंगाखाली स्लीपिंग बॅग दबली की तिच्यातली हवा निघून जाते आणि पाठीला खालचा वारा लागतो, म्हणून उन्हाळ्यातही रात्रीच्या मुक्कामाला मी पाठीखाली फोमची चटई घेतोच.

बारीक दोरी झाडाची साल कापते. किमान अडीच सेंटिमीटर रुंद पॉलिएस्टरचा पट्टा वापरावा, कारण नायलॉन ताणला जाऊन रात्रीतून हॅमॉक खाली येतो. वाळलेल्या झाडाला किंवा सुक्या फांदीखाली हॅमॉक कधीही बांधू नये. पावसात पट्ट्यावरून पाणी थेट अंथरुणात उतरते. वर बांधलेल्या ताडपत्रीच्या आतल्या बाजूस पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधून त्याचे टोक लोंबते ठेवले, तर पाणी तिथूनच खाली गळते.