बागेत मेटल डिटेक्टर फिरवायचाय? आधी अर्ज, मग मशीन

भाच्याची अंगठी नगरपरिषदेच्या बागेत पडली म्हणून मित्राचा डिटेक्टर मागून आणला, वॉचमन म्हणाला "फिरवा की, काय होतंय", आणि दहा मिनिटांत सगळी आळी गोळा, गुप्तधन शोधतायत म्हणून! वॉचमनचं "चालेल" अशा वेळी काही कामाचं नसतं. मग हे केलं:

१. साध्या कागदावर अर्ज. काय हरवलं, कुठे, कधी शोधणार आणि "खणणार नाही, फक्त वरची माती हलवून परत सारखी करणार" हे वाक्य नक्की लिहा, त्याने अर्धं काम होतं.
२. बाग नगरपरिषदेची असेल तर तिथे, गावातली असेल तर ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक).
३. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का मारून घ्या. पण शिक्का म्हणजे फक्त अर्ज पोचला, परवानगी नाही, तेव्हा होकारही त्याच कागदावर सहीने घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा. कोणी हटकलं की दाखवायचा, वाद घालत बसायचं नाही.

सकाळी लवकर जा, पोरं नसतात आणि बघेही कमी.

फक्त सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिऱ्यासारख्या संरक्षित किल्ल्यांच्या आसपास मशीन काढूच नका, तिथे पंचायतीचा कागद चालत नाही. आणि जमिनीत पुरलेलं जुनं नाणंबिणं लागलं तर खिशात टाकू नका, १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. हो, दहाच!