मांडवाची लाईट: तात्पुरतं कनेक्शन कसं घ्यायचं आणि टेस्ट रिपोर्ट खरा कसा करून घ्यायचा

गणपती जवळ आले की मंडळाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "मीटरचं नंतर बघू रे, तोवर शेजारच्या काकांकडून लाईट घेऊ." प्लीज असं करू नका. घरगुती मीटरवरून मांडव चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर होतो, दुप्पट दराने आकारणी होते आणि बिल येतं बिचाऱ्या काकांच्या नावावर. खांबावर आकडा टाकला तर ती सरळ चोरीच, कलम १३५, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तात्पुरत्या कनेक्शनचा अर्ज महावितरणच्या सबडिव्हिजनला किंवा ऑनलाइन करा, मुंबईत एरियाप्रमाणे बेस्ट, अदानी नाहीतर टाटा. निदान पंधरा दिवस हातात ठेवा. त्याआधी लाईटवाला, साऊंडवाला, डेकोरेशनवाला तिघांना एकत्र बसवून फोकस, माळा, अॅम्प्लिफायर, पंखे सगळ्यांचे वॅट एका कागदावर लिहून बेरीज करा आणि अर्जात तोच लोड टाका, कमी दाखवलात तर आरतीच्या वेळी गर्दीत केबल तापते.

आता मेन मुद्दा. मांडवाचं वायरिंग लायसन्स असलेल्या ठेकेदारानेच करायचं असतं, त्यावर सुपरवायझरची देखरेख हवी आणि हात लावणाऱ्या वायरमनकडे परवाना हवा. आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे, इथे बरेच जण फसतात. लायसन्सचा फोटो मागून घ्या, मुदत संपली नाही ना ते बघा. तोच ठेकेदार वायरिंग तपासून टेस्ट रिपोर्ट देतो आणि तो अर्जाला जोडावा लागतो.

हा रिपोर्ट मांडव न बघताच सही करून मिळतो हे सगळ्यांना माहिती आहे. पण विद्युत निरीक्षक काही प्रत्येक मांडवात येऊन तपासत नाही, त्यामुळे ठेकेदाराने केलेली तपासणी हीच आपल्या पोरांची खरी सुरक्षा, म्हणून मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावताना स्वतः शेजारी उभे राहा. माळा, एलईडी, साऊंड सगळं काढून ठेवायचं, फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ५०० व्होल्ट एक मिनिट द्यायचे, रीडिंग १ मेगओहमच्या खाली नको. आमच्याकडे एका वर्षी काटा ०.२ वरच अडकला. एकेक लाईन सोडवत गेलो तेव्हा मागच्या बाजूला ताडपत्रीखाली एक जॉइंट सापडला, टेप सुटलेली, तांबं उघडं आणि पावसाचं पाणी त्यावरून थेट लोखंडी पाइपवर ओघळत होतं. त्याच पाइपला धरून लहान पोरं प्रसादासाठी रांगेत उभी राहतात! ती केबल काढून अखंड टाकली आणि मग काटा वर गेला. तो जॉइंट मी अजून विसरलेलो नाही.

बोर्डवर ३० मिलीअॅम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) हवीच, तिचं टेस्ट बटण रोज आरतीआधी दाबून बघा, ट्रिप झाली नाही तर बदला. मांडवाचे लोखंडी पाइप, स्टेजची फ्रेम सगळ्याला अर्थिंग. जनरेटर असेल तर त्याचा न्यूट्रल वेगळा आणि चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) हवाच, नाहीतर लाईट गेल्यावर आपला करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जातो. मूर्ती किंवा देखाव्याची उंची ठरवताना वर तारा आहेत का तेही बघून ठेवा, मिरवणुकीचा रस्तासुद्धा.

कोणाला शॉक बसला तर आधी मेन बंद, मग माणसाला हात, आणि वीज कंपनीच्या १९१२ हेल्पलाइनवर फोन. अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला २४ तासांत जायला लागते, म्हणून वीज कंपनीला लगेच कळवा, वायर गुंडाळून ठेवू नका, जागा आहे तशी राहू द्या.

विसर्जनानंतर मीटर काढायला लेखी अर्ज द्या, शेवटचं रीडिंग फोटोत घ्या, आणि अनामत रक्कम परत येण्यासाठी मंडळाच्या बँक खात्याची माहिती अर्जातच दिली होती ना ते तपासा.