बी.एड. प्रवेश: सीईटीच्या पुस्तकाआधी कागदांची फाइल उघडा

बी.एड.ला जायचे म्हटले की जो तो सीईटीचे क्लास आणि प्रश्नसंच सुचवतो. अभ्यास लागतोच, पण महाराष्ट्रात बरे गुण मिळवलेल्या मुलामुलींचा प्रवेश अडतो तो कागदांवर. परीक्षा दीड तासात उरकते; राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. म्हणून कामाचा क्रम उलटा लावा: कागद आधी, अभ्यास त्याच्या जोडीने.

त्याहीआधी एक गोष्ट ठरवा. पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर बी.एड. तुमच्या कामाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. त्या वर्गांसाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका करावी लागते. सहावीपासून पुढच्या वर्गांवर शिकवायचे असेल तर बी.एड. दोन वर्षांचे आहे. पात्रतेसाठी पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला ५० टक्के हवेत, राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४५. अभियांत्रिकी पदवीधरांना ५५ लागतात. पदवीला ४८ टक्के पडले म्हणून खचून बसू नका, एम.ए. किंवा एम.एस्सी.ला ५० च्या वर असाल तर वाट मोकळी आहे.

सीईटीचे थोडक्यात. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही परीक्षा संगणकावर घेतो: १०० प्रश्न, ९० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. बौद्धिक क्षमतेचे ४० प्रश्न, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३०. एका प्रश्नाला मिनिटही मिळत नाही, म्हणून घड्याळ लावून सराव करा. बौद्धिक क्षमतेवर सर्वात जास्त वेळ द्या, कारण सरावाने हमखास वाढतात ते गुण तिथलेच. एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जायचे असेल तर इंग्रजीची वेगळी ५० गुणांची चाचणी असते, ती अर्ज भरतानाच निवडावी लागते.

आता कागद.

बारावी विज्ञानानंतर अभियांत्रिकीला गेलेल्या मुलांची जात वैधता तेव्हाच झालेली असते. बी.ए., बी.कॉम. करणाऱ्यांना ती कोणी मागितलेलीच नसते, आणि बी.एड.चा अर्ज भरताना ती पहिल्यांदा आडवी येते. जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला उपविभागीय अधिकारी देतात, दुसरा जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी समित्या स्वतंत्र आहेत. ‘सेतूत गेलो, आठ दिवसांत मिळेल म्हणाले’ हे पहिल्या कागदाबद्दल खरे असू शकते, दुसऱ्याबद्दल कधीच नाही.

पडताळणी रखडते ती जुन्या पुराव्याअभावी. समितीला ठरावीक मानीव दिनांकाच्या आधीची, वडिलांकडच्या नात्यातली नोंद हवी असते. अनुसूचित जातींसाठी तो दिनांक १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे तुमचा स्वतःचा दाखला पुरत नाही, बहुतेकदा वडिलांचाही नाही. आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांच्या शाळेच्या प्रवेश रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद किंवा महसुली नोंद शोधावी लागते. गावच्या शाळेत आधी फोन करा; रजिस्टर सापडायलाच दोन-तीन खेपा होतात. वडील, सख्खा भाऊ किंवा चुलता यांची वैधता झालेली असेल तर तिची प्रत सगळ्यात आधी मिळवा, काम पुष्कळ हलके होते. वंशावळीचे शपथपत्र करताना प्रत्येक नाव जुन्या नोंदीत जसे आहे तसेच लिहा. रजिस्टरात ‘रामा’ आणि शपथपत्रात ‘रामचंद्र’ असेल तर त्रुटीचे पत्र ठरलेलेच.

वैधतेचा अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच करा. महाविद्यालयात नाव असेपर्यंत प्राचार्यांचे शिफारसपत्र सहज मिळते, निकालानंतर त्याच कागदासाठी हेलपाटे पडतात. ‘वैधतेच्या अर्जाची पावती जोडली की झाले’ हा सल्ला अर्धवट आहे. पावतीवर प्रवेशाचा अर्ज घेतला जातो तेव्हा मूळ प्रमाणपत्र द्यायला मुदत ठरवलेली असते; ती टळली की तुम्ही खुल्या प्रवर्गात मोजले जाता. पावतीच्या भरवशावर राहायचे असेल तर आपला अर्ज समितीकडे कुठल्या टप्प्यावर आहे, हे दर आठवड्याला पाहत राहा.

नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, हा दुसरा सापळा. हा कागद इतर मागास, विशेष मागास आणि विमुक्त-भटक्या प्रवर्गांना लागतो, अनुसूचित जाती-जमातींना नाही. त्यावरची ‘वैध दिनांक’ ही ओळ वाचा. मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर होतात, म्हणून फाइलमध्ये नीट जपलेले प्रमाणपत्र नेमके प्रवेशाच्या वेळी बाद निघते. ज्या शैक्षणिक वर्षात शिकणार त्या वर्षाच्या शेवटी येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते चालले पाहिजे. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र तर दरवर्षी नवे काढावे लागते. दोन्ही राज्याच्या नमुन्यातली हवीत. केंद्राच्या नोकरीसाठी काढलेला नमुना इथे चालत नाही, आणि हे तपासणीतच कळले तर नवा कागद काढायला वेळ उरत नाही.

लग्न झालेल्या मुलींनी विशेष काळजी घ्यावी. जात लग्नाने बदलत नाही, त्यामुळे जातीचे आणि वैधतेचे कागद माहेरच्या पुराव्यांवरच निघतात. आधार कार्डावर सासरचे नाव, गुणपत्रिकेवर माहेरचे, बँकेत तिसरेच, अशी सरमिसळ असेल तर अर्ज गुणपत्रिकेवरच्या नावानेच भरा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र व नावबदलाचे राजपत्र सोबत ठेवा. अर्ज सुरू असताना मध्येच नाव बदलायला घेऊ नका.

अधिवास प्रमाणपत्र नसेल तर काढा. विद्यापीठ श्रेणी देत असेल तर टक्केवारीचे रूपांतर विद्यापीठाच्याच पत्रावर घ्या. श्रेणीला ९.५ ने गुणायचा हिशेब सीबीएसईच्या दहावीचा होता, पदवीला तो लावू नका.

यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. सीईटी दिली म्हणजे नोंदणी झाली असे नाही. इथे वेगळा अर्ज भरायचा असतो. गुणपत्रिकांच्या दोन्ही बाजू स्पष्ट स्कॅन करा. अपलोड केल्यावर रोज लॉगिन करून पाहा, कारण त्रुटी असेल तर अर्ज परत येतो आणि दुरुस्तीला थोडेच दिवस मिळतात. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की नाव, प्रवर्ग, गुण, शाखा हे चारही रकाने तपासा आणि चूक असेल तर त्याच मुदतीत तक्रार नोंदवा. अंतिम यादीनंतर कोणी ऐकत नाही.

महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरताना नावाला भुलू नका. आधी माध्यम आणि तुमच्या पदवीच्या विषयाची अध्यापन पद्धती तिथे आहे का ते बघा, मग अनुदानित की विनाअनुदानित, कारण शुल्कात मोठा फरक पडतो. मग अंतर. तासिकांना ८० टक्के आणि शाळेतल्या छात्रसेवाकाळाला (इंटर्नशिपला) ९० टक्के उपस्थिती लागते, आणि हा काळ दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांचा असतो. रोज तीन तास प्रवासात घालवून हे निभत नाही. जिथे खरोखर जाणार नाही ते नाव यादीत घालू नका.

‘हजेरी न लावता बी.एड.’ असे सांगणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. पाठ न घेता मिळालेली पदवी वर्गात पहिल्याच आठवड्यात उघडी पडते, आणि त्यात नुकसान समोर बसलेल्या मुलांचे होते. महाविद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. देणगी घेण्यावर १९८७ पासून राज्यात कायद्यानेच बंदी आहे.

जागा मिळाली की मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता मूळ कागद, छायाप्रतींचे दोन संच आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन हजर व्हा. शुल्क भरल्याची पावती जपून ठेवा आणि महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच आठवड्यात भरा. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते, म्हणून ते काम त्याआधीच करून घ्या.